शेतातील दोन वाळव्या : एक वारुळाची, एक बिनवारुळाची

हलक्या जमिनीतील भुईमुगाला पावसाची उघडीप पंधरा दिवस लाभली की शेतात ठिकठिकाणी झाडे माना टाकू लागतात. शेतकरी एखादे झाड उपटून पाहतो, तो ते फारसा जोर न लावताच हाती येते. सोटमूळ आतून पोकळ झालेले असते व त्या पोकळीत ओलसर माती भरलेली असते. मातीत तांदळाच्या कणीसारखे पांढुरके किडे वळवळताना दिसतात. वाळवी लागली, किंवा विदर्भ-खानदेशात म्हणतात त्याप्रमाणे उधई लागली, हे सांगण्यास मग कोणा तज्ज्ञाची गरज उरत नाही. शेतकऱ्याची दृष्टी साहजिकच बांधाकडे वळते. तेथे बाभळीच्या बुडाशी पुरुषभर उंचीचे वारूळ उभे असते. गडी लावून ते फोडले जाते, त्यात औषध ओतले जाते, दोन दिवसांची मजुरी व औषधाचे पैसे खर्ची पडतात. आणि पुढल्या आठवड्यात शेतातील झाडे पूर्वीप्रमाणेच मरत राहतात.

औषध खोटे होते, असा निष्कर्ष अशा वेळी काढला जातो. ते कधी कधी खोटे असतेही. परंतु पुष्कळ ठिकाणी दोष औषधाचा नसतो. ज्या वाळवीला शिक्षा झाली ती निराळी व जिने पीक खाल्ले ती निराळी, असा हा प्रकार असतो.

आपल्याकडील शेतांत वाळवीच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी पिकांच्या दृष्टीने दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली ओडोंटोटर्मिस ओबेसस. ती वारूळ बांधते, म्हणून तिला येथे वारुळाची वाळवी म्हणू. दुसरी मायक्रोटर्मिस ओबेसी. ती अंगाने बारीक असून जमिनीवर कसलेही घर बांधीत नाही. तिला बारीक वाळवी म्हणू. पहिलीचे वर्णन रांबूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1842 साली केले, तर दुसरीचे होल्मग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1912 साली. दुसरीच्या नावातील ‘ओबेसी’ हे लॅटिन रूप ‘ओबेससची’ अशा अर्थाचे आहे, आणि ते अन्वर्थक आहे. ही बारीक वाळवी पुष्कळदा वारुळाच्या वाळवीच्याच भिंतींत आपले लहानसे बिऱ्हाड थाटून राहते. वारूळ फोडणाऱ्याला भिंतीच्या मातीत बारीक किडे दिसले, तर ती पिले आहेत असे समजून तो पुढे जातो. प्रत्यक्षात ते शेजारी असतात.

बुरशीची शेती

या दोन्ही वाळव्यांचा एक गुण समान आहे : दोघीही शेती करतात. घरातील लाकूड पोखरणाऱ्या कित्येक वाळव्यांच्या पोटात सूक्ष्म जीव असतात व ते लाकडाचे पचन करतात. या दोघींच्या पोटात ते जीव नाहीत. त्या वाळलेली पाने, काड्या, मुळे, धसकटे व शेण खातात, परंतु त्यातील कठीण भाग त्यांना एकट्याने पचत नाही. म्हणून अर्धवट पचलेला तो माल त्या जमिनीखालील कोठड्यांत रचतात. त्याची स्पंजासारखी, सुरकुतलेली, छिद्राछिद्रांची ढेप तयार होते. या ढेपेवर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढते. बुरशी कठीण भाग कुजविते, तिच्यावर मोहरीच्या दाण्याहून लहान पांढरे मणी येतात, आणि ते मणी व जुनी झालेली ढेप वाळवीचे खाद्य होते. एका बाजूने नवा माल रचावयाचा व दुसऱ्या बाजूने तयार झालेला खावयाचा, असा क्रम अखंड चालतो. तंजावर भागात काम केलेले कोनिग या निसर्गवेत्त्याने वारुळातील या बुरशीचे वर्णन 1779 सालीच प्रसिद्ध केले होते. माणसाने नांगर हाती धरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून ही शेती चालू आहे.

कोकणातील लोकांना या बुरशीची ओळख निराळ्या रीतीने आहे. पावसाळ्यात वारुळाभोवती जी अळंबी उगवतात व बाजारात चढ्या भावाने विकली जातात, ती याच बुरशीची फळे होत. गोव्यात त्यांना रोयण अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. ही अळंबी प्रायः ओडोंटोटर्मिस प्रजातीच्या वाळव्यांच्या वसाहतींतून वर येतात.

अळंबीचा हा विषय खाण्यापुरता नाही. दोन वाळव्यांतील एक मोठा भेद त्यातच दडलेला आहे. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेले नर व माद्या बाहेर पडतात, पंख गाळतात आणि जोडी जमवून जमिनीत शिरतात. ओडोंटोटर्मिस प्रजातीची ही जोडी रिकाम्या हाती जाते. तिची पहिली कामकरी पिलावळ मोठी होऊन बाहेर पडते, तेव्हा अळंबीतून जमिनीवर पडलेले बुरशीचे बीज चाऱ्याबरोबर घरात येते व मग बाग लागते. मायक्रोटर्मिस प्रजातीची मादी मात्र आईच्या घरातून निघतानाच बुरशीचे बीज पोटात घेऊन येते. माहेरहून बियाण्याची पुरचुंडी घेऊन आलेल्या सुनेप्रमाणे ती कोठेही संसार मांडू शकते. जवळपास अळंबी उगवोत वा न उगवोत, तिचे काही अडत नाही. उघड्या, नांगरलेल्या, वारुळाचे नावही नसलेल्या शेतात बारीक वाळवी कशी येते, याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

एकीचा वाडा, दुसरीच्या विखुरलेल्या झोपड्या

वारुळाच्या वाळवीचे घर सर्वांच्या परिचयाचे आहे. शंकूच्या आकाराचा बुरूज, बाजूंना देवळाच्या शिखराप्रमाणे उभ्या धारा, आणि बाहेरून कोठेही उघडे दार नाही. आत बुरशीच्या ढेपांच्या मोठ्या कोठड्या असतात. मध्यभागी, जमिनीच्या पातळीला किंवा थोडी खाली, कठीण मातीची चपटी डबी असते व तीत राणी आणि राजा कोंडलेले असतात. राणीचे पोट अंड्यांनी फुगून ती बोटाएवढी होते व तिला चालता येत नाही. बुरशीला ऊब व ओलावा लागतो, तसेच तिच्या श्वासोच्छ्वासाने कोंडलेली हवा बाहेर जावी लागते. हे काम वारुळाच्या पातळ भिंती करतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बंगळूर येथील याच जातीच्या वारुळांतील हवेचा वेग मोजण्यात आला होता. दिवसा कडेच्या धारा लवकर तापून तेथील हवा वर चढते व मध्यातील खाली उतरते. रात्री हा प्रवाह उलटा होतो, असे त्यात आढळले. तात्पर्य, वारूळ हे या वाळवीचे फुप्फुस आहे आणि सारा कारभार तेथे एकवटलेला आहे.

बारीक वाळवीचे सारेच उलट. तिची वसाहत म्हणजे जमिनीखाली विखुरलेल्या लहान लहान कोठड्या. प्रत्येकीत सुपारीएवढी किंवा थोडी मोठी बुरशीची ढेप असते, आणि कोठड्या बारीक बोगद्यांनी जोडलेल्या असतात. काही कोठड्या वीतभर खोलीवर तर काही कमरेइतक्या खोल असतात. वरून काहीही दिसत नाही. विहीर किंवा चर खणताना बाजूच्या मातीत सुपारीएवढ्या पोकळ्या व त्यांत करड्या-पांढऱ्या ढेपा आढळल्या, तर त्या हिच्या असण्याचा संभव फार. हिची राणी शोधून काढण्याचा प्रयत्न शेतकऱ्याने करूच नये. गवताच्या गंजीत सुई शोधणे त्यापेक्षा सोपे.

हा फरक नांगरटीमुळे अधिकच महत्त्वाचा ठरतो. जमीन लागवडीखाली आली की वारुळे फोडली जातात व उथळ घरे नांगराखाली मोडतात. बारीक वाळवीच्या खोल कोठड्या मात्र बहुतांशी शाबूत राहतात, आणि चाऱ्यातील वाटेकरी नाहीसे झाल्याने तिचे उलट फावते. नायजेरियातील मोकवा येथे 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासात हेच दिसले. रान मोडून मक्याची शेती सुरू केल्यावर इतर वाळव्या हटत गेल्या, परंतु मायक्रोटर्मिस प्रजातीच्या वाळव्या वर्षागणिक वाढल्या. तेथील जाती आपल्या नव्हेत, पण त्यांची राहणी आपल्या बारीक वाळवीसारखीच आहे. जुन्या कसलेल्या शेतात वारूळ नाही म्हणून वाळवी नाही, असे समजणे म्हणूनच धोक्याचे असते.

पिकावरील खुणा

दोघीही गहू, ऊस, भुईमूग, मिरची, कपाशी अशा पिकांवर येतात. तेव्हा पिकाच्या नावावरून त्या ओळखता येणार नाहीत; खाण्याच्या तऱ्हेवरून बरेच कळते.

वारुळाच्या वाळवीला उघड्यावर वावरणे आवडत नाही, पण ती जमिनीवर येते, आणि येताना स्वतःवर मातीचे छत घालते. आंब्याच्या किंवा लिंबाच्या खोडावर जो ओल्या मातीचा पातळ गिलावा दिसतो तो बहुधा ओडोंटोटर्मिस प्रजातीचा असतो. त्याखाली ती मेलेली साल खात असते. जुन्या झाडाचे त्याने फारसे बिघडत नाही, आणि अशा झाडावर पैसे खर्चण्याचे कारण नाही. गिलावा तरटाने पुसून काढला तरी पुरे. नवीन लावलेल्या कलमाची गोष्ट वेगळी. त्याची कोवळी साल सभोवार खाल्ली गेली तर ते वाळते. उसाच्या टिपऱ्यांवर ही वाळवी कापलेल्या टोकांकडून व डोळ्यांकडून चाल करते. टिपरीचा गाभा खाऊन आत माती भरते व उगवण विरळ होते. गव्हात पेरणीनंतरची कोवळी रोपे वाळतात. पुढे ओंब्या आल्यावर झाड बुडाशी खाल्ले गेले, तर हिरव्या शेतात दाण्यावाचून पांढऱ्या पडलेल्या ओंब्या उठून दिसतात.

बारीक वाळवी बाहेर छत घालण्याच्या भरीस सहसा पडत नाही. ती जमिनीखालूनच मुळात शिरते, आतून पोकळ करीत खोडात चढते आणि मागे माती भरीत जाते. बाहेरून झाड शाबूत दिसते व एके दिवशी कोलमडते. भुईमुगात सोटमुळाखेरीज शेंगांनाही उपद्रव होतो. दोन्ही प्रजातींच्या वाळव्या शेंगेच्या शिरांमधील मऊ भाग खरवडून काढतात. आतील दाणा पुष्कळदा तसाच राहतो, म्हणून शेतकरी तिकडे दुर्लक्ष करतो. परंतु टरफल कमकुवत झाल्याने अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी आत शिरते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. असा माल माणसांना व जनावरांना अपायकारक असतो. खरवडलेल्या शेंगा चांगल्या मालात न मिसळता वेगळ्या काढाव्यात, आणि त्यांची पेंड किंवा दाणे जनावरांच्या दावणीतही घालू नयेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्तेही फसतात. वाळवी मुळात मेलेले व वाळलेले खाणारी आहे. मूळकुजव्याने, मर रोगाने किंवा हुमणीने झाड मेले की दोन दिवसांत वाळवी तेथे हजर होते. वाळून कोळ झालेले झाड उपटून त्यात वाळवी सापडली, एवढ्यावरून ती झाडाची मारेकरी ठरत नाही. तपासावयाचे ते नुकते मान टाकू लागलेले, पाने अद्याप हिरवी असलेले झाड. खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून असे झाड मुळासकट काढावे व मूळ उभे चिरून पाहावे. हिरव्या झाडाच्या मुळात जिवंत वाळवी व ताजी माती असेल तरच दोष तिचा. अशी दहा झाडे शेताच्या निरनिराळ्या भागांतून पाहिल्यावाचून औषधाचे नाव काढू नये.

उपाय कोठे करावयाचा

वारुळाच्या वाळवीच्या बाबतीत उपाय वारुळातच आहे. त्यासाठी नुसते वरचे शिखर पाडून भागत नाही. राणी शाबूत राहिली तर वारूळ पुन्हा उभे राहते. मध्यभाग खणून मातीची डबी काढावी व फोडावी. काही वारुळांत एकीहून अधिक राण्या असतात, म्हणून एक सापडताच खणणे थांबवू नये. बुरशीच्या ढेपाही बाहेर काढून उन्हात पसराव्यात. खणण्याआधी वारुळाला बिळे आहेत का ते नीट पाहावे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण उगीच पडलेली नाही, आणि नागपंचमीला स्त्रिया ज्या वारुळाला पूजतात त्यात नाग असण्याचा संभव खराच असतो. उंदरांचा संहार करणारा हा जीव शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. तो असेल तर ते वारूळ सोडून द्यावे हे दोघांच्याही हिताचे. तसेच पिकात या वाळवीची खूण सापडली नसेल, तर माळावरचे किंवा दूरच्या बांधावरचे वारूळ केवळ डोळ्यांत खुपते म्हणून फोडण्याचे कारण नाही. ती पालापाचोळा कुजविते व खालची चिकणमाती वर आणते.

बारीक वाळवीच्या बाबतीत घर सापडत नाही, म्हणून झाडाचेच रक्षण करावे लागते. जेथे दरसाल उपद्रव होतो तेथे पेरणीपूर्वी बियाण्यास, व उसाच्या टिपऱ्यांस लागणीपूर्वी, वाळवीसाठी नोंदलेले कीटकनाशक लावणे हा सर्वांत थोड्या औषधात होणारा उपाय आहे. उभ्या पिकात ओळीने औषध घालण्यापेक्षा त्यास खर्च फार कमी येतो. कोणत्या पिकास कोणते औषध व किती, हे डब्यावरील चिठ्ठीवर छापलेले असते आणि नोंदणीच्या याद्या बदलत असतात. तेव्हा गेल्या वर्षीचे प्रमाण आठवून वापरू नये, चिठ्ठी वाचावी. एके काळी वाळवीसाठी आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर व बी. एच. सी. भुकटी यांची सर्रास शिफारस होत असे. ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात व अन्नात उतरतात म्हणून देशात त्यांवर बंदी आली, बी. एच. सी. ची बंदी 1997 पासूनची आहे. जुन्या पत्रकांत ती नावे अजून वाचावयास मिळतात. ती आज कोणी सांगितली तरी मानू नयेत. मेटारायझियम या बुरशीचे पावडरही मिळते. प्रयोगशाळेत त्याने वाळवी मरते हे खरे, पण शेतात त्याचे फळ सारखे मिळत नाही. वाळवी त्या बुरशीचा सुगावा लागताच ती जागा टाळते किंवा मेलेल्या सोबतिणींना मातीत चिणून टाकते.

औषधाइतकाच ओलाव्याचाही विचार करावा. तहानलेल्या पिकावर वाळवी जोर करते. पाण्याची सोय असेल तर गव्हाचे पहिले पाणी लांबवू नये, आणि भुईमुगास शेंगा भरण्याच्या काळात ताण पडू देऊ नये. जिरायती शेतकऱ्यास हा सल्ला देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय, हे उघड आहे. त्याने बीजप्रक्रियेवरच भर द्यावा व तयार झालेला भुईमूग काढण्यास एक दिवसही उशीर करू नये. काढलेले वेल व शेंगा उघड्या जमिनीवर ढिगाने ठेवू नयेत.

कच्चे शेणखत शेतात घालू नये, ते वाळवीला आमंत्रण होते. पुरते कुजलेले घालावे. धसकटे व कपाशीच्या पऱ्हाट्या यांच्याविषयी मात्र जरा विचार हवा. त्या वेचून शेत झाडल्यासारखे स्वच्छ करावे, असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु सर्व वाळलेला चारा उचलून नेल्यावर जमिनीखालच्या वाळवीस खाण्यास हिरवे मूळच काय ते उरते. वेचलेला कचरा जाळून न टाकता खड्ड्यात कुजवून खतरूपाने परत शेतात आणणे, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो.

नमुना कसा पाठवावा

दोहोंतील फरक पाहावयाचा तो सैनिकांत. कामकरी किडे दोन्हींचे फिकट व मऊ असल्याने नुसत्या डोळ्यांनी फसवितात. वारुळाच्या वाळवीचा सैनिक अंगाने मोठा, पिवळसर तपकिरी डोक्याचा असतो. त्याचे जबडे भक्कम असून डाव्या जबड्यास आतून एक दात असतो, आणि ओडोंटोटर्मिस या नावातील पहिल्या भागाचा अर्थही दात असाच आहे. डिवचल्यास तो कडकडून चावतो व तोंडातून तपकिरी थेंब सोडतो. बारीक वाळवीचा सैनिक इतका लहान, फिकट व बारीक जबड्यांचा असतो, शिवाय संख्येने इतका थोडा, की शंभर कामकऱ्यांत तो धुंडाळावा लागतो. बिनवारुळाच्या काही ओडोंटोटर्मिस जातीही आपल्याकडे आहेत, त्यामुळे वारूळ नाही एवढ्यावरून बारीक वाळवीच आहे असे ठरवू नये. शंका असेल तेथे लहान बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात वीस-पंचवीस किडे टाकावेत, त्यांत चार-दोन तरी सैनिक असतील असे पाहावे. शाईने लिहिलेली चिठ्ठी स्पिरिटात धुऊन जाते. म्हणून गाव, पीक, तारीख व किडे मुळात सापडले की खोडावरील मातीखाली, हे शिसपेन्सिलीने कागदाच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा बाटलीच्या आतच घालावा आणि बाटली जवळच्या कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पोचती करावी.